वाईचा बाण, ब्राउझरची खिडकी

मराठी विश्वकोशाचा कुठलाही खंड उघडा. नोंद वाचता वाचता मध्येच एखाद्या नावाआधी छोटा बाण छापलेला दिसतो. या नावाची स्वतंत्र नोंद विश्वकोशात आहे, एवढंच तो सांगतो. नोंद संपली की ‘पहा’ या शब्दापुढे आणखी काही नावं येतात. सातारा जिल्ह्यातल्या वाईत, कृष्णेकाठी, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि त्यांचे सहकारी हे बाण बसवत होते, तेव्हा वर्ल्ड वाइड वेब कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत पहिला वेब ब्राउझर लिहिला तो १९९० साली. आज आपण जिला लिंक म्हणतो, ती वाईत त्याच्या चौदा वर्षं आधी शाईने छापून झाली होती.

त्यातही एक गोष्ट थक्क करणारी आहे. पहिला खंड वाचकाच्या हाती पडला तेव्हा पुढचे बहुतेक खंड छापलेच गेले नव्हते. विसावा खंड यायला चालू शतकाचं दुसरं दशक उजाडलं. पहिल्या खंडातल्या एखाद्या बाणाने ‘ह’पासून सुरू होणाऱ्या नोंदीकडे बोट दाखवलं असेल, तर ती नोंद वाचकाच्या घरी नव्हती, गावच्या वाचनालयात नव्हती, कुठेच नव्हती. पण कोणत्या नोंदी होणार याची आखणी आधी झालेली होती आणि त्या भरवशावर बाण छापता येत होता. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर अजून न लिहिलेल्या लेखाकडे जाणारी लिंक लाल रंगात दिसते. ती कधीही निळी होऊ शकते. छापलेल्या बाणाला मात्र पुढचा खंड येईपर्यंत थांबणंच भाग होतं.

आता वाचकाच्या बाजूने बघू. समजा तुम्ही ‘कृष्णा’ ही नोंद वाचताय आणि बाण तुम्हाला ‘सांगली’कडे पाठवतोय. ‘क’चा खंड सुरुवातीकडचा, ‘स’चा शेवटाकडचा. तुम्ही कपाटाशी जाता, जाडजूड खंड काढता आणि टेबलाशी परत येता. इथे तुमच्यापुढे दोन वाटा असतात. पहिला खंड मिटून बाजूला सारायचा आणि दुसरा उघडायचा. नाहीतर पहिला तसाच उघडा ठेवून दुसरा त्याच्या शेजारी मांडायचा. टेबल लहान असेल तर पहिली वाट, दोन्ही नोंदी ताडून बघायच्या असतील तर दुसरी. यातलं काय करायचं हे विश्वकोशाने कुठेच सांगितलेलं नाही. तो बाण दाखवतो आणि थांबतो. त्याचं हे थांबणं मला फार मोलाचं वाटतं, कारण वेबवर नेमक्या याच जागी गेली तीस वर्षं वाद चालू आहे: लिंक दाबल्यावर नवं पान त्याच खिडकीत यावं, की नव्या खिडकीत उघडावं?

प्रश्न दिसायला बारीक आहे. पण त्याच्या तळाशी गेलं की वेब कसं घडलं याचा अर्धा इतिहास हाताला लागतो.

बर्नर्स-ली यांचा तो पहिला ब्राउझर नेक्स्ट नावाच्या संगणकावर चालायचा. त्यात लिंकवर दोनदा क्लिक केलं की नवं पान नव्या खिडकीत उघडायचं. प्रत्येक वेळी! आज ज्याला अनेक जण वाईट सवय म्हणतात, ती वेबची जन्मजात रीत होती. नेक्स्टच्या पडद्यावर अनेक खिडक्या मांडता यायच्या, म्हणून तसं केलेलं. पण नेक्स्ट फार थोड्यांकडे होता. म्हणून निकोला पेलो या विद्यार्थिनीने साध्या, फक्त अक्षरं दाखवणाऱ्या पडद्यांसाठी दुसरा ब्राउझर लिहिला. त्यात माउस नाही, खिडक्या नाहीत. लिंकपुढे कंसात क्रमांक असायचा. तो टाईप केला की नवं पान, ‘बॅक’ असं टाईप केलं की मागचं पान. म्हणजे वेबच्या पहिल्या दीड-दोन वर्षांतच दोन्ही रीती जन्मल्या होत्या, आणि त्या कुठल्या तत्त्वातून आल्या नव्हत्या. समोरच्या यंत्राला जे झेपलं ते झालं. १९९३ साली मोझेइक ब्राउझर आला, एका खिडकीची आणि मागे जाण्याच्या बटणाची रीत त्याने घरोघरी नेली आणि तीच रूढ झाली.

दोन पानं शेजारी-शेजारी हवीत ही इच्छा तर त्याहून जुनी. अमेरिकन अभियंता व्हॅनेवार बुश यांनी १९४५ साली एका लेखात ‘मेमेक्स’ नावाच्या काल्पनिक यंत्राचं वर्णन केलं. ते होतं एक टेबल, आत मायक्रोफिल्मवर साठवलेली पुस्तकं आणि वर दोन तिरपे पडदे. दोन पडदे अशासाठी, की एका बाजूला एक मजकूर आणि दुसऱ्या बाजूला दुसरा दिसत असताना वाचकाने त्यांच्यात स्वतः दुवा जोडावा. तो दुवा कायमचा राहील. म्हणजे दोन मजकूर एकत्र दिसणं ही बुश यांच्या लेखी दुवा जोडण्याची पहिली पायरीच होती. वाईच्या टेबलावर शेजारी-शेजारी उघडे ठेवलेले दोन खंड त्यांनी पाहिले असते तर त्यांना ते यंत्र ओळखीचं वाटलं असतं.

मग भांडण लागलं कुठे? ते लागलं वाचकाच्या हातातला निर्णय पान बनवणाऱ्याच्या हातात गेला तिथे.

नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरच्या दुसऱ्या आवृत्तीत, १९९६च्या सुमारास, पानाचे तुकडे पाडण्याची सोय आणली. या तुकड्यांना फ्रेम म्हणत. डावीकडच्या फ्रेममध्ये यादी, उजवीकडे मजकूर. यादीतली लिंक दाबली की मजकूर उजवीकडच्या फ्रेममध्ये यायला हवा, म्हणून लिंकला ‘टार्गेट’ नावाचा गुणधर्म जोडला गेला: हे पान कुठे उघडायचं त्या जागेचं नाव. त्यात एक राखीव नाव ठेवलं, ‘ब्लँक’, आणि त्याच्या आधी अंडरस्कोरची आडवी रेघ. ही रेघ दिसली की ब्राउझर दरवेळी कोरी करकरीत खिडकी उघडतो. आणि रेघ विसरली तर? मग ‘ब्लँक’ हे कुठल्याही खिडकीला ठेवावं तसं साधं नाव होतं. पहिली लिंक दाबल्यावर ‘ब्लँक’ नावाची खिडकी उघडते. पुढे त्याच पानावरची दुसरी लिंक दाबली की ब्राउझर या नावाची खिडकी आहे का ते शोधतो, तीच पुन्हा वापरतो आणि तिच्यातलं आधीचं पान पुसून टाकतो. एका आडव्या रेघेवर वाचकाचं आधीचं पान राहणार की जाणार हे ठरतं.

‘टार्गेट’च्या मूळ कामापेक्षा ‘ब्लँक’चाच वापर जास्त झाला. संकेतस्थळांच्या मालकांना वाटलं, बाहेरची लिंक नव्या खिडकीत उघडली तर आपलं पान मागे उघडं राहील आणि वाचक आपल्याला सोडून जाणार नाही. १९९९ साली वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी वेबवरच्या ठळक चुकांच्या यादीत नवी खिडकी उघडणं घातलं. घरोघरी फिरणारा व्हॅक्यूम क्लीनरचा विक्रेता आधी तुमच्याच गालिच्यावर राखदाणी रिकामी करतो, तशी त्यांनी त्याला उपमा दिली. त्यांचा मुख्य मुद्दा तांत्रिक होता आणि अचूक होता: मागे जाण्याचं बटण निकामी होतं.

हे बटण आतून कसं चालतं ते बघण्यासारखं आहे. आज नवी खिडकी बहुधा नवी टॅब म्हणून उघडते, आणि ब्राउझर प्रत्येक टॅबसाठी एक यादी ठेवतो. तुम्ही लिंक दाबली की यादीच्या टोकाला नवं पान जोडलं जातं. मागे गेलात की बोट एक घर मागे सरकतं. आधुनिक ब्राउझर तर सोडलेलं पान काही काळ स्मृतीत जसंच्या तसं गोठवून ठेवतात. अर्धवट वाचलेल्या लेखात तुम्ही ज्या ओळीपर्यंत सरकला होता तीच ओळ क्षणात परत समोर येते, सर्व्हरकडे नव्याने मागणी करावी लागत नाही. फायरफॉक्सने ही सोय २००५ साली आणली, क्रोमने मोबाइलवर २०२० आणि डेस्कटॉपवर २०२१ साली. पण नवी टॅब जन्मते ती कोऱ्या यादीसह. संगणकावर तिथलं मागचं बटण फिकट दिसतं, दाबलं तर काही होत नाही. आपण कुठून आलो हे त्या टॅबला ठाऊकच नसतं. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये यावर उपाय केलेला आहे: लिंकमधून उघडलेल्या टॅबमध्ये मागे गेलं की ती टॅब बंद होते आणि मूळ पान समोर येतं.

डोळ्यांनी बघणाऱ्याला निदान फिकट बटण दिसतं. पडदावाचक वापरणाऱ्या अंध वाचकाचं काय? संगणकावरचा मजकूर बोलून दाखवणारं एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर मराठीही वाचतं. ते ऐकत कुणी एखाद्या योजनेची माहिती वाचतोय आणि लिंक दाबल्यावर नवी टॅब उघडली, तर त्याला नव्या पानाचं शीर्षक ऐकू येतं. टॅब बदलली हे त्याच्या ध्यानात येईलच असं नाही. तो मागे जायची कळ दाबतो, ती चालत नाही, आणि आपलंच काही चुकलं असं त्याला वाटतं. चूक त्याची नसते. वेबच्या सुलभतेचे जागतिक निकष ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने म्हणूनच सांगितलं आहे की नवी खिडकी अगदी गरज असेल तरच उघडावी आणि आधी कल्पना द्यावी. गरजेची दोन उदाहरणंही दिली आहेत: अर्ज भरताना मधेच मदतीचं पान उघडायचं असेल आणि तसं करताना भरलेला मजकूर विस्कटणार असेल, किंवा वाचकाने लॉग इन केलेलं असेल आणि बाहेर गेल्यावर ते तुटणार असेल.

याच डब्ल्यूथ्रीसीने एचटीएमएल या वेबपानं लिहिण्याच्या भाषेच्या १९९९ सालच्या ४.०१ आवृत्तीतल्या काटेकोर प्रकारात ‘टार्गेट’ ठेवलंच नव्हतं. खिडकी उघडणं हे वागणं झालं, ते मजकुराच्या भाषेत नको, असा त्यामागचा विचार सांगितला जातो. पण लोक ते वापरतच राहिले, टॅबवाले ब्राउझर आले, आणि एचटीएमएल पाचमध्ये, २०१४ साली, ‘टार्गेट’ रीतसर परत आलं.

टॅबचाही एक छुपा धोका बरीच वर्षं कुणाच्या लक्षात आला नव्हता. ‘ब्लँक’ने उघडलेल्या नव्या पानाला मूळ पानाची एक दोरी मिळायची. ती ओढून नवं पान मागच्या टॅबचा पत्ता बदलू शकत होतं. तुम्ही नव्या टॅबमध्ये काही वाचत असताना मागे तुमच्या बँकेच्या पानाच्या जागी हुबेहूब नकली पान येऊन बसायचं. परत आल्यावर तुम्ही संशय न घेता पासवर्ड टाकणार. ही दोरी कापण्यासाठी पान बनवणाऱ्याला वेगळा शब्द लिहावा लागे, ‘नोओपनर’. फायरफॉक्सने २०२० साली आणि क्रोमने जानेवारी २०२१ मध्ये ‘ब्लँक’ दिसताच ती आपोआप कापायला सुरुवात केली.

मग नवी खिडकी सरसकट वाईटच का? तसं नाही, आणि याचा दाखला आपल्या सरकारी संकेतस्थळांवरच आहे. देशातल्या अनेक सरकारी संकेतस्थळांच्या तळाशी धोरणांचं पान असतं. कुणी वाचत नाही, पण वाचावं असं आहे. त्यात लिहिलेलं असतं की आमच्या माहितीला खुशाल लिंक द्या, परवानगी नको. मात्र आमची पानं तुमच्या फ्रेममध्ये दाखवू नका, ती वापरणाऱ्याच्या नव्या खिडकीत उघडायला हवीत. हा आग्रह फ्रेमच्या काळातला आहे आणि त्यामागे ठोस कारण आहे. दुसऱ्याच्या फ्रेममध्ये सरकारी पान दाखवलं तर वर पत्ता दिसतो त्या दुसऱ्याचा. वाचक सरकारी अर्ज भरतोय की एखाद्या एजंटाच्या पानावर माहिती देतोय, हे त्याला कळायला जागा राहत नाही. स्वतंत्र खिडकीला स्वतःची पत्त्याची पट्टी असते, आणि त्या पट्टीवरचं ‘जीओव्ही डॉट इन’ ही नागरिकाची खात्री असते. भारत सरकारने २००९ साली आणलेल्या सरकारी संकेतस्थळांच्या मार्गदर्शक तत्त्वांतही हा सावधपणा दिसतो: लिंक सरकारी हद्दीबाहेर नेत असेल तर तसं स्पष्ट दिसलं पाहिजे.

आणि आता कृष्णेकडे परत येतो, कारण या प्रश्नाचा सर्वांत खरा कस मला तिच्या पुरात दिसतो.

पावसाळ्यात सांगलीतला माणूस एकाच वेळी तीन ठिकाणी डोळा ठेवून असतो. कोयना धरणातून किती क्युसेक विसर्ग सुटलाय, कारण कराडला कोयना कृष्णेला मिळते आणि ते पाणी पुढे सांगलीलाच येतं. आयर्विन पुलाजवळ पातळी किती फुटांवर आहे, कारण तिथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. आणि खाली कर्नाटकात अलमट्टीतून किती विसर्ग चालू आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१च्या महापुरांत आयर्विनचं पाणी धोक्याच्या खुणेच्या कितीतरी वर गेलं होतं. अशा रात्री हे तीन आकडे शेजारी-शेजारी हवे असतात. बुश यांचे दोन पडदेसुद्धा इथे कमी पडतील.

पण या माणसाच्या मोबाइलवर बघा काय होतं. समजा पातळीच्या पानाची लिंक ‘ब्लँक’ने उघडते. सकाळी आठला त्याने ती दाबली, एक टॅब उघडली. दहाला पुन्हा दाबली, दुसरी. दुपारपर्यंत एकाच पानाच्या पाच प्रती झाल्या, आणि वरच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात टॅबचा आकडा वाढत गेला. घाईत, पावसात, वीज गेलेली असताना तो चौकोन दाबून टॅब शोधतो आणि नजर पडते ती सकाळी आठच्या टॅबवर. आकडा कमी दिसतो, जीव हलका होतो. पाणी मात्र चढलेलं असतं.

म्हणून तीन टॅब हव्यात, पण त्या त्याने उघडलेल्या हव्यात. कोणता मजकूर शेजारी ठेवायचा आणि कोणता मिटायचा हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नसतं.

आणि तो हे करू शकतो! साध्या लिंकवर मोबाइलवर बोट दाबून धरलं की नव्या टॅबमध्ये उघडण्याचा पर्याय येतो. संगणकावर कंट्रोलची कळ दाबून क्लिक केलं किंवा माउसचं मधलं चाक दाबलं तरी तेच. साधी लिंक वाचक हवी तेव्हा नव्या टॅबमध्ये उघडू शकतो. उलटं मात्र सहज होत नाही: ‘ब्लँक’ लावलेली लिंक त्याच टॅबमध्ये उघडायची साधी, हाताशी असलेली युक्ती ब्राउझरने दिलेली नाही. साधी लिंक वाचकाला दोन्ही वाटा मोकळ्या ठेवते, ‘ब्लँक’वाली एकच ठेवते. माझ्या मते सगळ्या वादाचा निकाल या एका गोष्टीत लागतो.

खुद्द ब्राउझरनेही शेवटी वाचकाचीच बाजू घेतली आहे. जाहिरातींच्या खिडक्यांनी उच्छाद मांडल्यावर त्याने नियम केला: कुणाच्याही प्रोग्रॅमने नवी खिडकी उघडायची असेल, तर त्याच्या अगदी आधी वाचकाने स्वतः काहीतरी दाबलेलं असलं पाहिजे. तुमच्या स्पर्शाची नोंद ब्राउझर मोजकेच सेकंद जपतो. म्हणूनच एखाद्या ऑनलाइन अर्जात बटण दाबल्यावर सर्व्हरकडून उत्तर यायला उशीर झाला, की उतारा किंवा पावती दाखवणारी खिडकी अडवली जाते आणि सेवा केंद्रावरचा माणूस ‘पॉप-अप ब्लॉक झालं’ म्हणून सेटिंग शोधत बसतो. तुमच्या बोटाची परवानगी तोवर संपलेली असते.

साताऱ्यात, सांगलीत आज कितीतरी तरुण शाळांची, पतसंस्थांची, ग्रामपंचायतींची, वाचनालयांची संकेतस्थळं बनवतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: लिंक साधी ठेवा. वाचक अर्ज भरतोय आणि बाहेर गेला तर भरलेलं वाया जाईल, तिथे नवी टॅब जरूर द्या, पण लिंकच्या शेजारी ‘नव्या टॅबमध्ये उघडेल’ एवढे शब्द लिहा, म्हणजे बघणाऱ्याला दिसतील आणि ऐकणाऱ्याला ऐकू येतील. आणि वाचकहो, ही युक्ती ठाऊक नसेल तर आजच मोबाइलवर एखाद्या लिंकवर बोट दाबून धरून बघा. येत्या पावसाळ्यात घरातल्या थोरामोठ्यांनाही ती शिकवा.